आपल्याच माणसावर दावा

माझ्या पायाबद्दल आता कोणी विचारत नाही. लंगडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारतात ते कोर्टाबद्दल. आमच्या चर्चच्या मंडळीतलं किंवा आसपासच्या गावातलं एखादं ख्रिस्ती माणूस अपघातात सापडलं, की काही दिवसांनी त्याच्या घरचं कोणीतरी माझ्याकडे येतं. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि उठता उठता आवाज खाली आणून ते विचारतं, "सिस्टरबाई, आपल्या लोकांनी केस करावी काय?"

उठता उठताच विचारतात. बसून विचारायची लाज वाटते. ती लाज मी चांगली ओळखते. कित्येक वर्षं ती माझ्याबरोबर जेवली, झोपली, उपासनेला आली. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते आहे. यात उपदेश कमीच सापडेल.

वळून हसले

लाखांदूरच्या वाटेवरच्या एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता, तिथे मी नर्स होते. नाव शालिनी, पण गावाला मी सिस्टरबाई. माझा नवरा सुधाकर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि करुणा ही आमची एकुलती मुलगी, तेव्हा आठवीत. दवाखान्याच्या आवारातच आम्हाला क्वार्टर होतं. गावात ख्रिस्ती घरं मोजकी. सगळे उपासनेला आले तरी मागची बाकं रिकामीच राहत.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. धानाची कापणी उरकून मळणी चालू होती. एका खेड्यातली बाळंतीण पाहून मी परत येत होते. वाटेत सायकलची चेन उतरली, ती काही बसेना. म्हणून डांबरी रस्ता सोडून बाजूच्या मातीच्या पट्टीवरून मी सायकल ढकलत निघाले. चांगला उजेड होता अजून. मागून जीपचा आवाज आला आणि आवाजावरूनच कळलं, ही दानिएलभाऊंची जीप. बरं झालं, सायकल मागे टाकू आणि बसून जाऊ, असं वाटून मी वळून हसले. हसत असतानाच जीप अंगावर आली.

दानिएलभाऊ आमच्या मंडळीचे पंच होते, चर्चचा कारभार पाहणारे. गावात त्यांची धानाची गिरणी होती. चर्चवर पत्रे बसले ते त्यांच्यामुळे. माझं माहेर लवकर संपलं, तेव्हापासून दर नाताळला साडी त्यांच्या घरून यायची, माहेरची म्हणून. त्यांची बायको एस्तेरबाई स्वतः घेऊन यायच्या.

मी शेताच्या धुऱ्यात, बांधापाशी पडले होते, सायकल माझ्या पलीकडे. डावा पाय माझा असूनही भलत्याच दिशेला वळला होता. दानिएलभाऊ धावत आले, त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सिस्टर, माझा डोळा लागला हो," ते म्हणत होते. "गिरणीवर जागरणं चालू होती. देवाशपथ, माझा डोळा लागला." हे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मग बैलगाडीवाल्या दोघा शेतकऱ्यांच्या मदतीने त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात आणलं.

दुखत किती होतं ते सांगता येणार नाही. पण मला आठवतं ते वेगळंच. माझा परकर फाटला होता आणि त्या शेतकऱ्यांनी तो पाहिला, याचीच वाटभर लाज वाटत होती.

खिडकीशी धरलेली फिल्म

आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. तशा फिल्मा धरून देणं हे माझंच काम असायचं. मी खाटेवरून मान वळवून पाहिली. खुब्यापाशी हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतं.

डॉक्टरीणबाई एकदम हळू, गोड आवाजात बोलायला लागल्या. तो आवाज आम्ही नर्सा ओळखतो. तो आवाज निघाला की आम्ही नातेवाइकांसाठी स्टूल ओढतो.

"नागपूरला न्यावं लागेल, शालिनी."

"मी वॉर्डात पुन्हा उभी राहीन का?"

त्या म्हणाल्या, "आधी नागपूरला जाऊ." म्हणजे मला उत्तर मिळालं.

नागपूरला खाट मिळेपर्यंत मी आमच्याच दवाखान्यात, माझ्याच वॉर्डात पडून होते, पायाला वजन बांधून. ज्या बायकांना मी इंजेक्शनं दिली होती त्यांच्या नात्यागोत्यातल्या बायका मला बघायला येत. आमची आया सुगंधाबाई माझ्याखाली भांडं सरकवायला यायची आणि मी नाही म्हणायचे. दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असा उपाय मी काढला. ताप चढला तेव्हा तिला कळलं.

"सिस्टर, नवीन पोरी आल्या का तुमी त्याईले काय सांगत होत्या? आजाऱ्याले लाज वाटू देऊ नका मनून. आन् आता तुमीच लाजून राहिल्या?"

"सांगणं सोपं असते, सुगंधाबाई."

"बरं, मी भितीकडं पाह्यतो. मंग तं झालं?"

आणि ती खरोखर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढे रोज तसंच. इतकी वर्षं मी लोकांना धीर दिला, पण कोणासाठी भिंतीकडे तोंड करावं हे मला सुचलं नव्हतं.

"आठवत नाही"

त्याच दिवसांत पोलीस ठाण्यातून जमादार जबाब घ्यायला आला. दानिएलभाऊ तेव्हा माझ्या पायथ्याशी उभे होते, हातात संत्र्यांची पिशवी. ते रोजच येत. खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करत आणि प्रार्थना करता करता रडत.

"कसं झालं, बाई?" जमादाराने विचारलं.

मी दानिएलभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मले आठवत नाही," मी म्हणाले.

जमादाराने लिहून घेतलं. दानिएलभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. मला वाटलं, मी क्षमा केली. ख्रिस्ती बाईने करावं ते केलं. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं, हे कबूल करते.

दानिएलभाऊंनी आपल्या जबाबात सांगितलं होतं की बाईंची सायकल अचानक आडवी आली. ते मला पुष्कळ नंतर कळलं. माझ्या न आठवण्यामुळे त्यांच्यावरची पोलीस केस पुढे पुराव्याअभावी सुटली.

नागपूर

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. हाडात सळई घातली. तिथल्या दिवसांबद्दल थोडंच सांगते, कारण सगळे दिवस सारखेच होते. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारी पंख्याकडे बघणं. शेजारच्या खाटेवर वर्ध्याकडची एक म्हातारी होती. तिच्या घरून डबा आला की ती आधी अर्धी भाकर माझ्याकडे पाठवायची. माझी जात, धर्म, काहीच विचारलं नाही तिने. फक्त "तिखट चालते ना?" एवढं विचारलं.

सुधाकर रजा टाकून माझ्यापाशी राहिला. रजा संपली तेव्हा बिनपगारी राहिला. तो माझं अंग पुसायचा, वेणी घालायचा. वेणी त्याला येत नव्हती, दोरखंडासारखी वळायचा. एके दिवशी मी भांड्यासाठी त्याला लागोपाठ हाका मारल्या आणि तो बाहेरून आलाच नाही. आला तेव्हा डोळे लाल. मी चिडून बोलले. तोही बोलला.

"मी माणूस आहे, शालू. मले बी थकवा येते. तू पडून राहिली, मी कुठं पडू?"

सगळ्या वॉर्डाने ते ऐकलं. म्हातारीने तोंड फिरवलं. मग त्याने भांडं उचललं आणि धुवायला गेला.

घरी करुणा एकटी. शाळा सोडून ती दळण, पाणी, स्वयंपाक बघत होती, आणि मध्येच एसटीने आमच्यासाठी पीठ-तिखट घेऊन नागपूरला यायची. तिच्या हातांना राखेचा वास यायला लागला होता. तिचे हात पाहिले की मला वाटायचं, हे मी केलं.

घरी यायच्या वेळी सर्जनने सांगितलं की खुबा नीट बसलेला नाही, पुढे दुसरं ऑपरेशन लागेल. नाही केलं तर कुबड्या सुटणार नाहीत. दवाखान्याने मला नोकरीवरून काढलं नाही, हा मोठा उपकार. पण वॉर्ड गेला. नोंदणीच्या खिडकीशी बसून नावं लिहायचं काम मिळालं, त्याला पगारही तसाच. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

पाळकसाहेब आले

केसची गोष्ट पहिल्यांदा सुधाकरने काढली. त्याच्या हेडमास्तरांनी त्याला सांगितलं होतं की जीपचा विमा असतो आणि नुकसानभरपाई विमा कंपनी देते, मालकाच्या खिशातून काही जात नाही. पण चूक गाडीवाल्याची होती हे दाखवावं लागतं, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

"दानिएलभाऊले खरं बोलाचं आहे फक्त," सुधाकर म्हणाला. "बाकी त्याईचं काहीच जात नाही."

मी म्हणाले, "आपण आपल्याच माणसावर दावा लावायचा?"

ही गोष्ट कशी कोण जाणे, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ते वयस्क होते, मऊ स्वभावाचे. माझ्यासाठी त्यांनी उपासही केले होते. ते आले, बसले, करुणाने केलेला चहा त्यांनी घेतला.

"बाई, भावाने भावाला परक्यांपुढे न्यावं, हे आपल्या शास्त्रात बसत नाही," ते म्हणाले. "त्यापेक्षा नुकसान सोसावं."

"हो, साहेब."

"आणि तुम्ही तर त्यांना क्षमा केली म्हणता. मग दावा कसला?"

चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं. सुधाकर दारात उभा होता, तो म्हणाला, "साहेब, क्षमा केली मनून पाय जुळला काय?"

"मास्तर, मी पायाबद्दल बोलत नाही, आत्म्याबद्दल बोलतो आहे."

"तो बी माझ्या बायकोच्याच अंगात आहे ना, साहेब?"

पाळकसाहेब दुखावले. जाताना त्यांनी प्रार्थना केली आणि प्रार्थनेत म्हणाले की या घरातून पैशाचा मोह काढून टाक. मी आमेन म्हणाले. सुधाकर म्हणाला नाही.

पैशाचा मोह. ते शब्द माझ्यात रुतून बसले. मी स्वतःला तपासत राहिले. होता का मला मोह? मला पुन्हा उभं राहायचं होतं, करुणाला शाळेत पाठवायचं होतं. त्याला पैसे लागत होते. मग मोह नाही असं कसं म्हणू?

दानिएलभाऊ बोलले

मग दानिएलभाऊ स्वतः आले. नव्या तांदळाची गोणी त्यांनी ओसरीवर ठेवायला लावली. मी खूप धीर करून म्हणाले, "भाऊ, मी तुमच्यावर रागावली नाही. फक्त जे झालं ते सांगा. कंपनी भरते म्हणतात."

त्यांनी गोणी उगीच सरळ केली.

"सिस्टर, माझ्यावर पोलीस केस चालू आहे. मी कबूल केलं तं जेलात जाईन. मंग गिरण कोन पाह्यल? दोन पोरी आहेत लग्नाच्या. जेलातल्या माणसाच्या पोरी कोन करून नेईल?"

मला त्यांची दया आली. आजही येते. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. मी म्हणाले, "बरं, भाऊ," आणि विषय माझ्याकडून संपला.

संपला असता. पण त्यानंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर मला पुढे बोलावलं. मंडळीने माझ्यासाठी दान गोळा केलं होतं. मी कुबड्यांवर सगळ्यांदेखत पुढे गेले. खजिनदारांनी कोणी किती दिलं ते वाचून दाखवलं. सगळ्यांत मोठं दान दानिएलभाऊंचं होतं, त्यावर लोक म्हणाले, "देव त्यांना आशीर्वाद देवो." मला पाकीट दिलं आणि सांगितलं, "सिस्टर, आभाराचे दोन शब्द बोला."

मी आभार मानले. दानिएलभाऊंचं नाव घेऊन मानले. ते खाली मान घालून बसले होते आणि एस्तेरबाई पदराने डोळे पुसत होत्या.

घरी येऊन मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. देणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, मला लाजवायला दिलेलं नव्हतं काही. पण ज्या माणसाने मला पाडलं त्याचेच मी चर्चमध्ये आभार मानले होते, आणि का पडले हे तिथे बसलेल्यांपैकी आम्हा दोघांना आणि सुधाकरलाच माहीत होतं. मी क्षमा म्हणत होते ती क्षमा नव्हती. आम्ही दोघं मिळून एक खोटं सांभाळत होतो, आणि त्या खोट्याला देवाचं नाव दिलं होतं.

मी सुधाकरला म्हणाले, "वकिलाकडे जाऊ."

बाकावर एकटी

मोटार अपघातांचे दावे भंडाऱ्याला चालत. मुदत संपत आली होती, तेवढ्यात वकिलांनी दावा लावला. दानिएलभाऊ आणि विमा कंपनी, दोघांवर.

पुढच्या रविवारी माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. कोणी काही बोललंही नाही. सलाम केला तर सलाम परत यायचा, पण हात पुढे यायचा नाही. नाताळच्या कार्यक्रमात करुणाचं पाठांतर असायचं, त्या वर्षी तिला कोणी सांगितलंच नाही. ती पाठ करून तयार बसली होती. पाण्याच्या पंपावर एका बाईचं बोलणं तिने ऐकलं आणि घरी येऊन मला विचारलं, "आई, पायाचे पैसे करून राहिली म्हणजे काय?"

माहेरची साडी बंद झाली. ती येऊ नये हेच बरोबर होतं. तरी नाताळच्या सकाळी दाराकडे माझं लक्ष होतं.

सुगंधाबाईला हे सगळं नवल वाटायचं. "तुमच्यात कोर्टात जाणं पाप असते काय?" तिने विचारलं.

"तसं नाही. आपल्या माणसावर जाऊ नये म्हणतात."

"मंग परक्यानं उडवलं असतं तं चाललं असतं?"

मी म्हणाले, "हो, बहुतेक." त्यावर ती हसली आणि मलाही हसू आलं. पुष्कळ महिन्यांनी.

चालून दाखवा

तारखा पडत गेल्या. भंडाऱ्याच्या एसटीत कुबड्या घेऊन चढणं म्हणजे दर वेळी नवी परीक्षा. एक कंडक्टर होता, तो मला पाहिलं की घंटी मारायचाच नाही. मी बसेपर्यंत सगळी गाडी थांबवून ठेवायचा आणि कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, "तुमच्या घाईनं तिचा पाय जलदी बसते काय?"

शेवटी माझी साक्ष निघाली. तोवर पोलीस केस सुटून गेली होती. दानिएलभाऊंना जेलची भीती उरली नव्हती. कोर्टात ते मागे बसले होते, आमच्या मंडळीतले आणखी दोघे त्यांच्याबरोबर.

कंपनीचे वकील तरुण होते. त्यांनी मला कुबड्या बाजूला ठेवून चालून दाखवायला सांगितलं. मला किती लंगडावं लागतं ते कोर्टाला पाहू द्या, म्हणाले. मी चालले. साडीचा काठ डाव्या बाजूला जमिनीवर घासत होता. टेबलाला धरून वळले आणि परत आले. कारकून, पट्टेवाला, दुसऱ्या दाव्याला आलेले शेतकरी, सगळे माझ्या कमरेकडे पाहत होते. नागपूरच्या वॉर्डात अंगावर कपडा नसताना मला इतकं उघडं वाटलं नव्हतं.

मग वकिलांनी विचारलं, "पोलिसांना तुम्ही आठवत नाही म्हणालात. आता आठवलं?"

न्यायाधीश म्हणाले, "बाईंना खुर्ची द्या."

मी बसले. म्हणाले, "साहेब, तेव्हाबी आठवत होतं. भाऊ समोर उभे होते. माझ्यानं बोलवलं नाही."

"म्हणजे पोलिसांशी खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलता हे आम्ही कशावरून मानायचं?"

मग जे तोंडाला आलं ते बोलले. "त्या दिवशी बोलून मला बरं वाटलं होतं, साहेब. आज सांगतानी लाज वाटून राहिली. तरी सांगून राहिली."

मग मी सगळं सांगितलं. मातीची पट्टी, चेन, मी वळून हसले तेही. दानिएलभाऊ काय म्हणाले तेही. "माझा डोळा लागला" हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मी मागे पाहिलं नाही.

पुढच्या तारखेला त्यांची साक्ष झाली. त्यांनी शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "सायकल अचानक आडवी आली ना?" ते पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांनी कठडा सोडला, पुन्हा धरला. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"आडवी आली," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. राग आला नाही. मला त्यांच्या वतीने लाज वाटली, आपल्याच घरच्या माणसाची वाटावी तशी. मी पायाकडे बघत बसले.

निकाल

निकाल माझ्या बाजूने लागला. पंचनाम्यात सायकल शेताच्या धुऱ्यात, रस्त्यापासून बरीच आत सापडल्याची नोंद होती. आडवी आलेली सायकल तिथे जाईल कशी, असं न्यायाधीशांनी लिहिलं. बैलगाडीवाल्यांपैकी एका शेतकऱ्यानेही येऊन सांगितलं की बाई रस्त्यावर नव्हतीच. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, आणि उशिरा मिळालं. कंपनीने दिलं. त्यातून दुसरं ऑपरेशन झालं. कुबड्या गेल्या, काठी राहिली, गुडघा आणि खुबा पुरते वळायचे नाहीत ते नाहीतच. करुणा आपल्याहून लहान मुलींबरोबर पुन्हा शाळेत बसली, आणि पुढे नर्सिंगला गेली.

म्हणून लोक विचारतात तेव्हा मी काय सांगते? मी म्हणते, क्षमा करा आणि खरंही बोला. एकासाठी दुसरं सोडू नका. आपलं माणूस खरं बोलायला तयार असेल, तर चार माणसांत बसून मिटवा, कोर्टाची पायरी चढू नका. ती पायरी मी चढले आहे, कुबड्यांवर. पण क्षमेच्या नावाखाली तुम्हाला कोणी खोटं बोलायला लावत असेल, तर ते मानू नका. आणि केस केली म्हणजे लाज जाते असंही समजू नका. पैसे हातात आले त्या दिवशीही मला वाटलंच की पंपावरची ती बाई बघते आहे.

प्रभुभोजन

साक्षीनंतर दानिएलभाऊ उपासनेला येत, पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठत नसत. मनात पाप लपवून ते घेऊ नये असं आमच्यात मानतात. सगळे वेदीपाशी गेले की ते बाकावर बसून राहत. ते पंच होते, म्हणून सगळ्यांच्या ते लक्षात येई. पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं असेल, मला माहीत नाही. एकदा मी काठी टेकत त्यांच्या घरी गेले. एस्तेरबाईंनी आत बसवलं, चहा दिला. आतल्या खोलीत त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. ते बाहेर आले नाहीत. चहा संपवून मी परत आले.

असं बरंच चाललं. त्यांची मोठी मुलगी लग्न होऊन गेली. मग एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उन्हाळा चांगलाच तापला होता, प्रभुभोजनाची वेळ आली. आमच्याकडे वेदीसमोरच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकतात. मला टेकता येत नाही, म्हणून मी शेवटी जाते, कडेला, आणि उभीच राहते. सगळी डोकी खाली असतात आणि मी एकटी वर. त्याची सवय मला कधी झाली नाही.

त्या दिवशी मी उभी होते आणि माझ्या शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. पांढरा सदरा, गिरणीच्या कोंड्याचा वास. दानिएलभाऊ होते. ते उभेच राहिले.

पाळकसाहेब भाकर देत देत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. हळूच म्हणाले, "भाऊ, गुडघे टेका."

"सिस्टर उभ्या आहेत," दानिएलभाऊ म्हणाले. "मी पाडलं त्याईले. मी बी उभाच राह्यतो."

ते मोठ्याने बोलले नव्हते. पण लहान चर्च, पंखे बंद, सगळे गप्प. टेकलेली डोकी एकेक करून वर झाली. पहिल्या रांगेतल्या एस्तेरबाईंनी तोंडावर पदर घेतला. पाळकसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी आधी दानिएलभाऊंना भाकर दिली, मग मला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. दोघांच्याही माना खाली होत्या. पेला आला तेव्हा तो त्यांच्या हातात कलला आणि द्राक्षरस कठड्यावर सांडला. माझ्या उजव्या हातात काठी होती. डावा हात मोकळा होता. मी पेल्याला खालून हात लावला, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत धरून ठेवला.